टाकळ्यापासून सुरुवात: बियांची सुप्तावस्था घरच्या घरी कशी अभ्यासावी

मटकी भिजत घातली की दुसऱ्या दिवशी तिच्यात हात फिरवताना चार-दोन दाणे खड्यासारखे बोटांना लागतात. बाकीची मटकी टम्म फुगलेली, मोड डोकावू लागलेले, आणि हे दाणे मात्र काल होते तसेच. बारके, टणक, चकचकीत. आमच्याकडे त्यांना गणंग म्हणतात आणि दाताखाली येऊ नयेत म्हणून निवडून टाकतात. पुढच्या वेळी टाकू नका. एका गणंगाला नेलकटरने कडेला बारीकसा टवका मारा आणि पुन्हा पाण्यात सोडा. काही तासांत तोही फुगायला लागेल. दाणा मेलेला नव्हता, त्याच्या सालीतून पाणीच आत जात नव्हतं.

बियांच्या सुप्तावस्थेचा अभ्यास इतक्या साध्या गोष्टीपासून सुरू करता येतो. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, रानातल्या झाडांची रोपं करणारे हौशी लोक, डोंगरावर झाडं लावणारे गट, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. महागडी उपकरणं लागत नाहीत. वही, चिकाटी आणि तुलनेसाठी सोबत साधं, काहीही न केलेलं बी ठेवायची सवय, एवढं पुरतं.

हे लिहावंसं वाटलं त्याला एक कारण आहे. दर मे महिन्यात गावोगावी बीजगोळे करण्याची शिबिरं भरतात. मुलं उत्साहाने माती मळतात, गोळे वळतात, पाऊस आला की डोंगरावर फेकून येतात. त्या गोळ्यांत बहाव्याच्या बिया असतात, टवका न मारलेल्या. आणि गेल्या वर्षीच्या जांभळाच्या असतात, खडखडीत वाळलेल्या. बहाव्याच्या बऱ्याचशा बिया त्या पावसात नुसत्या पडून राहतात. जांभळाच्या तर गोळ्यात जायच्या आधीच मेलेल्या असतात. मुलांच्या त्या कष्टांचं मला फार वाटतं. एक-दोन आठवड्यांच्या साध्या चाचणीने या दोन्ही गोष्टी आधीच कळल्या असत्या.

सुप्त कशाला म्हणायचं

डब्यात कोरडा ठेवलेला गहू सुप्त नसतो. त्याला पाणी मिळालेलं नाही, एवढंच. पाणी, हवा आणि बेताची ऊब मिळूनही जिवंत बी उगवत नसेल, तरच ते सुप्त. मेलेलं बी आणि सुप्त बी बाहेरून सारखंच दिसतं. पुढची सगळी खटपट या दोघांना वेगळं ओळखण्यासाठी आहे.

ही अवस्था का असते, हे शेतकऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही. उपटा भुईमूग काढणीला आला आणि पाऊस लागून राहिला तर शेंगांतले दाणे जमिनीतच उगवतात. पसऱ्या जातींच्या ताज्या दाण्यांना काही आठवड्यांची सुप्तावस्था असते, म्हणून त्या तग धरतात. पिकांच्या बाबतीत माणसाने पिढ्यानपिढ्या पेरलं की एकदम आणि एकसारखं उगवणारं बी निवडलं. त्याचा फायदा मोठा, पण किंमतही आहे. मृगाचा पाऊस पडला, पेरणी झाली, सगळं बी तरारून वर आलं आणि मग तीन आठवडे उघडीप पडली की उभं शिवार करपतं आणि दुबार पेरणीची वेळ येते. तेव्हा बियाणं पुन्हा आणायला शेतकरी तरी असतो. बांधावरच्या टाकळ्याला कोण आणून देणार? म्हणून तो आपलं सगळं बी एका पावसावर लावत नाही. थोडं या पावसाला उगवतं, थोडं पुढच्या सरीला, काही पुढच्या वर्षासाठी मातीत राहतं. निंदून-निंदून कंटाळलेल्या माणसाला हे चांगलं ठाऊक आहे.

पहिलं बी टाकळ्याचंच का

विदर्भात याला तरोटा म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची भाजी होते तोच हा. रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, शाळेच्या मैदानाच्या काठावर कुठेही सापडतो, त्यामुळे गोळा करण्यात कुणाचं नुकसान नाही आणि कुणाची परवानगी सहसा लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात लांब, बारीक, किंचित वाकलेल्या शेंगा तपकिरी होतात. एका शेंगेत वीस-पंचवीस बिया मिळतात. बी लहान, तिरकस कापलेल्या ठोकळ्यासारखं, तपकिरी आणि पॉलिश केल्यासारखं चमकदार. एक टोक टोकदार असतं. मोड त्या बाजूने येतो, हे लक्षात ठेवा.

टाकळ्याच्या दोन जाती एकमेकींसारख्या दिसतात आणि भले भले चकतात. म्हणून ज्या झाडांवरून बी घेतलं त्यातल्या एकाची फुला-शेंगांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून ठेवा. पुढे कुणी विचारलं की नेमकी जात कोणती, तर दाखवायला काहीतरी हातात हवं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दिसायला सुंदर म्हणून गुंजेच्या बियांवर हे प्रयोग करू नका. गुंजेचं अखंड बी टणक सालीत बंद असतं, पण साल फुटली की आतलं विष अत्यंत घातक असतं, आणि आपण तर सालीलाच टवका मारणार आहोत. एरंड आणि धोतराही नवख्यांनी, विशेषतः शाळेत, टाळावा.

बी गोळा करताना

एकाच झाडावरून पिशवी भरू नका. निदान दहा-पंधरा झाडांवरून थोडं थोडं घ्या, नाहीतर तुम्ही टाकळ्याचा नव्हे, एका झाडाचा अभ्यास कराल. शेंग पूर्ण पिकलेली, पण उकलून बी सांडायच्या आधीची हवी. रानातल्या कमी आढळणाऱ्या जाती असतील तर त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये, हा जगभरच्या बीज-संग्राहकांचा दंडक आहे. संरक्षित जंगलातून आणि कासच्या पठारासारख्या ठिकाणाहून परवानगीशिवाय एकही बी आणू नका.

कागदी किंवा कापडी पिशवी वापरा. प्लास्टिकमध्ये शेंगा घामेजतात आणि दोन दिवसांत बुरशी धरतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि पिशवीच्या आत टाका: तारीख, ठिकाण, किती झाडं, जमीन कशी, ऊन की सावली. वरून चिकटवलेली लेबलं गळून पडतात आणि मग दोन पिशव्यांतली कुठली कुठून आणली ते देवालाच माहीत.

बी घरी आणलं की लगेच, ताजं असतानाच पहिली चाचणी मांडा. पुढे वाचाल तसं कळेल की ठेवणीत बी बदलत जातं. ताज्या बियांचा आकडा हातात नसेल तर बदल कशाच्या तुलनेत मोजणार?

आधी कापून बघा

ढिगातल्या बिया न निवडता वीस बिया उचला. न निवडता हे महत्त्वाचं. हात आपोआप गुबगुबीत बियांकडे जातो. पक्कडीत धरून ब्लेडने एकेक आडवं कापा आणि भिंगाखाली बघा. आत भरगच्च, पिवळसर, घट्ट असेल तर बी चांगलं. पोकळ, काळपट, भुसभुशीत किंवा अळी असलेलं बी बाद. शेंगवर्गीय बियांत भुंगेऱ्याचा उपद्रव फार. बहाव्याच्या आणि शिरीषाच्या बियांवर गोल, सुबक छिद्र दिसलं की आतलं बरंचसं खाऊन भुंगेरा निघून गेला असं समजा.

पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बिया फेकायच्या, ही पद्धत सगळीकडे सांगितली जाते. माझा तिच्यावर सरसकट विश्वास नाही. काही जातींची चांगली बीसुद्धा तरंगतात. वापरायचीच असेल तर तरंगलेल्या दहा आणि बुडालेल्या दहा कापून त्या जातीत ती लागू पडते का ते पाहा, मग वापरा.

बी पाणी पितं का

हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि घाईघाईत सगळ्यात जास्त वगळला जाणाराही हाच.

दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा बाजारात मिळतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो चालेल. प्रत्येकी पन्नास बियांचे दोन गट करा. पहिला गट तसाच ठेवा. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक बीला टवका मारा. टाकळ्याचं बी चिमट्यात आडवं धरा, टोकदार बाजू आपल्या बोटांकडे ठेवा आणि विरुद्ध टोकाच्या सालीचा अगदी कण उडेल एवढंच नेलकटर दाबा. टक असा बारीक आवाज येतो आणि चकचकीत तपकिरी सालीत फिकट ठिपका उघडा पडतो. बस. त्यापेक्षा खोल गेलात तर आतल्या डाळिंब्या दुखावतात. नेलकटर नको असेल तर पॉलिश पेपरवर तीच बाजू चार-सहा वेळा घासा.

दोन्ही गट कोरडे असताना तोला. मग पाण्यात टाका आणि १, २, ४, ८ आणि २४ तासांनी बाहेर काढून, टिपकागदावर हलक्या हाताने टिपून, पुन्हा तोला. वजन किती टक्के वाढलं ते लिहा. मूळ वजन १.०० ग्रॅम होतं आणि आता १.८० झालं, तर वाढ ८० टक्के.

टवका मारलेली बी तास-दोन तासांत बदलू लागते. आधी त्या फिकट ठिपक्याभोवती साल सुरकुतते. सुरकुती हळूहळू बीभर पसरते, मग साल ताणली जाऊन चमक जाते आणि बी बोटांना बुळबुळीत लागतं. टाकळ्याच्या बियांत डिंकासारखा पदार्थ असतो, तो पाणी शोषून घेतो; कारखान्यात त्याच बियांपासून खाद्यपदार्थ घट्ट करणारी पूड बनवतात. शेजारच्या वाटीत टवका न मारलेल्या बहुतेक बिया मात्र अजून घोटलेल्या खड्यासारख्या कोरड्या दिसतात.

टवक्याचा गट फुगला आणि अखंड गट फुगला नाही, की निदान झालं. ही भौतिक सुप्तावस्था. सालीतल्या खांबांसारख्या उभ्या, दाट पेशींचा थर पाणी अडवतो. शेंगवर्गात ती सर्रास आढळते: बहावा, सुबाभूळ, सागरगोटा. निसर्गात हे कुलूप उघडायची जागा ठरलेली असते. बऱ्याचशा शेंगवर्गीय बियांत नाळेच्या खुणेजवळ एक नाजूक ठिकाण असतं, आणि उष्णतेने किंवा रोजच्या तापण्या-थंडावण्याने तिथे फट पडते. एप्रिल-मे महिन्यात उघड्या, झाडोरा नसलेल्या जमिनीचा वरचा थर दुपारी भाजून निघतो आणि रात्री निवतो. दाट सावलीत हा चढउतार तितका होत नाही. म्हणजे ‘इथे जमीन उघडी आहे का’ याची खबर बीला सालीमार्फतच मिळते.

एक खबरदारी. बी फुगलं म्हणजे ते जिवंत आहे, असं समजू नका. पाणी शोषणं ही केवळ भौतिक क्रिया आहे. मेलेलं बीसुद्धा टम्म फुगतं. फुगणं आणि उगवणं वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

रुजत घालणं

शेतकरी पेरणीआधी सोयाबीनची उगवण क्षमता गोणपाटावर तपासतात: शंभर दाणे मोजून ओळीत मांडायचे, गुंडाळायचे, पाणी शिंपडायचं आणि सत्तरच्या वर उगवले की बियाणं पेरायला योग्य. आपली पद्धत त्याच कुळातली आहे. फक्त न उगवलेल्या बियांचा हिशेबही आपल्याला हवा.

पेट्री डिश असतील तर उत्तम, नसतील तर झाकणाचे सपाट, पारदर्शक डबे घ्या. तळाला टिपकागदाचे किंवा टिश्यूचे तीन-चार थर द्या. पाणी इतकंच घाला की बोटाने दाबलं तर ओल वर यावी, पण डबकं साचू नये. पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. वाफसा म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला ही ओल वेगळी शिकवावी लागत नाही.

प्रत्येक डब्यात २५ बिया, प्रत्येक प्रक्रियेचे चार डबे. टाकळ्यासाठी तीन प्रक्रिया पुरेत. काहीही न केलेल्या, टवका मारलेल्या, आणि गरम पाण्यातल्या. गरम पाण्यासाठी पाणी उकळून, गॅसवरून उतरवून मिनिटभर थांबा, मग बियांवर ओता आणि रात्रभर तसंच निवू द्या. बी गॅसवर ठेवून उकळायचं नाही. उकळलं तर शिजतं. पाण्याचं तापमान थर्मामीटरने मोजून लिहा, कारण ‘गरम’ या शब्दावरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

काहीही न केलेल्या बियांचे चार डबे हा या प्रयोगाचा कणा आहे. मी पहिल्यांदा बहाव्याच्या बिया रुजवल्या तेव्हा सगळ्याच बियांवर गरम पाणी ओतलं. पुष्कळ उगवल्या. पण त्या गरम पाण्यामुळे उगवल्या की तशाही उगवल्या असत्या, हे मला सांगता येईना, कारण साधी बी एकही ठेवली नव्हती. वर्षाचा हंगाम गेला आणि पुन्हा शेंगा पिकेपर्यंत थांबावं लागलं.

सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. प्रयोगशाळा, हातमोजे, चष्मा आणि शिकवणारं माणूस यांशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. नेलकटरने जे कळतं तेच ती सांगते, फक्त हजारो बियांवर एकदम.

डबे एकाच खोलीत, थेट ऊन येणार नाही असे ठेवा आणि जागा अदलाबदल करत राहा. खिडकीजवळचा डबा कायम खिडकीजवळ राहिला तर तुम्ही खिडकीचा परिणाम मोजाल. खोलीचं रोजचं कमाल-किमान तापमान लिहा.

मोजणी

रोज ठरलेल्या वेळी झाकण उघडा. पांढरा मोड साल फोडून २ मिलिमीटर बाहेर आला की बी उगवलं असं धरा. ही व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मधेच बदलू नका. उगवलेली बी मोजून बाहेर काढा. ती कुंडीत लावली तर छानच: टाकळ्याच्या रोपाची पानं संध्याकाळी मिटलेली बघणं मुलांना फार आवडतं. बुरशी आलेली बी काढताना ती कुठल्या डब्यातली, कितव्या दिवशी, हे नोंदवा.

टवका मारलेल्या बिया बहुधा पहिल्या आठवड्यातच उरकतात. तरीही तीस दिवस थांबा. मोजणी लवकर बंद करणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि सावकाश उगवणाऱ्या बिया हाच तर आपला विषय.

तिसाव्या दिवशी उरलेल्या प्रत्येक बीचा निकाल लावा. बोटात धरून दाबा, मग कापा. न फुगलेलं, टणक, आतून निरोगी असेल तर ‘टणक’. फुगलेलं, घट्ट, आतून पांढरं-पिवळं पण मोड नाही, तर ‘ताजं’. दाबताच पिचकणारं ते ‘कुजलं’. पोकळ निघालं ते ‘रिकामं’. वहीतला हा चार ओळींचा तक्ता उगवणीच्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतो. ‘टणक’ जास्त असतील तर कुलूप सालीत आहे, ‘ताजं’ जास्त असतील तर ते आत, भ्रूणात म्हणजे बीमधल्या इवल्या रोपात आहे.

हिशेब असा. समजा एका डब्यात २५ पैकी २० उगवल्या, ३ रिकाम्या निघाल्या आणि २ टणक राहिल्या. नुसती उगवण ८० टक्के. पण रिकामी बी उगवणारच नव्हती. ती वगळली तर २२ पैकी २०, म्हणजे सुमारे ९१ टक्के. दोन्ही आकडे लिहा. सरासरी दिवस काढण्यासाठी प्रत्येक दिवशी उगवलेल्या बियांना त्या दिवसाच्या आकड्याने गुणा, बेरीज करा आणि एकूण उगवलेल्यांनी भागा. तिसऱ्या दिवशी १०, चौथ्या दिवशी ८, सहाव्या दिवशी २ असतील तर ३०, ३२ आणि १२ मिळून ७४. भागिले २०, म्हणजे ३.७ दिवस. चारही डब्यांचे आकडे वेगवेगळे मांडा. नुसती सरासरी दिली तर एक डबा ९० आणि दुसरा ४० होता, हे झाकलं जातं.

फुगलं, पण उगवलं नाही

टाकळ्यावर हात बसला की दुसऱ्या जाती घ्या आणि लगेच गुंतागुंत सुरू होईल. रशियाच्या मरियाना निकोलायेवा यांनी सुप्तावस्थेचं वर्गीकरण मांडलं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या कॅरल आणि जेरी बास्किन या दांपत्याने २००४ मध्ये ते आणखी नेटकं केलं. पाणीच न शिरणारी भौतिक. पाणी शिरूनही भ्रूणाला पुढे जाण्याची परवानगी न मिळणारी शरीरक्रियात्मक. भ्रूणच अपुरा वाढलेला असणारी रचनात्मक. आणि यांच्या दोन जोड्या. पाच प्रकार एवढेच, पण डोळ्यासमोर असले की पुढची दिशा सुचते.

रचनात्मक प्रकार पाहायचा तर सीताफळ खाताना एक बी बाजूला ठेवा. कठीण काळी साल फोडून आतला गर उभा चिरा. पांढऱ्या गरात तपकिरी पडदे घुसलेले दिसतील, कंगव्याच्या दात्यांसारखे. भ्रूण शोधायला भिंग लागेल: एका टोकाला इवलासा, बाकी सगळं बी म्हणजे त्याची शिदोरी. तो आतल्या आत वाढल्याशिवाय मोड येणार नाही, म्हणून सीताफळाला महिनाभर किंवा त्याहूनही जास्त वाट पाहावी लागते. सालीला कितीही टवके मारा, भ्रूण वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच.

शरीरक्रियात्मक प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याला धीर सर्वांत जास्त लागतो. भ्रूणाला रोखून धरणारं अॅब्सिसिक आम्ल आणि त्याला पुढे ढकलणारं जिबरेलिन या वनस्पतींच्या दोन संप्रेरकांमधला तो तोल असतो. चंदनाच्या बिया रोपवाटिकेत रात्रभर जिबरेलिक आम्लात भिजवतात, ते याचसाठी. सफरचंदाच्या बीला ओलसर थंडीत काही आठवडे काढावे लागतात. थंड देशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर ठेवून पाहावं. आपल्याकडे मात्र बी हिवाळ्यात पडतं, कोरडा उन्हाळा काढतं आणि पावसात उगवतं. म्हणून आपल्यासाठी योग्य प्रयोग वेगळा: तेरडा, कुर्डू किंवा एखाद्या रानगवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करा, कागदी पाकिटात खोलीतच ठेवा आणि दर महिन्याला शंभर बिया रुजत घाला. जूनपर्यंत आठ आकडे मिळतील. महिन्यागणिक उगवण वाढत गेली तर ते बी कोरडेपणातच पिकतंय. साधा प्रयोग आहे, पण त्याला पावसाळ्यापर्यंत रोज वही उघडणारं माणूस लागतं.

उजेडाचाही एक प्रयोग करा, विशेषतः बारीक बियांवर. चार डबे अॅल्युमिनियमच्या कागदात दुहेरी गुंडाळा, चार उघडे ठेवा, आणि गुंडाळलेले शेवटच्या दिवसापर्यंत उघडू नका. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे १९५२ मध्ये बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या लेट्यूसवर दाखवलं की लाल उजेडाची झलक दिली की बी उगवतं, त्यानंतर अतिलाल उजेड (लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) दिला की थांबतं, आणि कितीही वेळा आलटून पालटून दिला तरी शेवटचा उजेड कोणता यावर निकाल ठरतो. पानांतून गाळून आलेल्या उजेडात अतिलाल भाग जास्त असतो. डोक्यावर झाडाची सावली आहे, हे बी असं ओळखतं.

सागाबद्दल एक इशारा. रोपवाटिकेत ‘सागाचं बी’ म्हणून जे मिळतं ते खरं तर फळ असतं. आत कठीण आठोळीत चार कप्पे आणि त्यांत एकही नाही ते चार बिया. शंभर फळं पेरून पन्नास रोपं आली तर उगवण पन्नास टक्के झाली असं म्हणता येत नाही. त्याला आलटून पालटून भिजवणं आणि उन्हात वाळवणं, हीच जुनी रीत आहे.

जे बी वाळवायचं नसतं

जांभूळ, आंबा, फणस, कोकम यांच्या बिया वाळल्या की मरतात. १९७३ मध्ये ई. एच. रॉबर्ट्स यांनी वाळवून साठवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या बिया असा भेद मांडला. जांभूळ दुसऱ्या गटातलं. जूनमध्ये फळ खाल्लं, बी धुतलं, त्याच आठवड्यात पिशवीत लावलं, एवढाच त्याचा मार्ग. एका बीतून दोन-तीन रोपं आली तर चकित होऊ नका. जांभळाच्या बीत अनेकदा एकाहून जास्त भ्रूण असतात. कडुलिंब या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतो, पण व्यवहारात त्याच्या निंबोळ्याही काही आठवड्यांच्या आत पेरलेल्या बऱ्या. नवी जात हातात आली की ती साठवण्याचा विचार करण्याआधी तिचा गट ओळखा.

मातीतली बी-पेढी

डब्यातलं सगळं झालं की एकदा मातीलाच विचारा, तिच्यात कुठलं आणि किती बी पडून आहे ते. मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या सरी येण्याआधी, पडीक जमिनीतून वरची ५ सेंटिमीटर माती दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. मिसळा, दगड-मुळं काढा आणि पसरट ट्रेमध्ये दोन बोटांचा थर द्या. शेजारी एका ट्रेमध्ये भट्टीत भाजलेली माती ठेवा, म्हणजे वाऱ्याने येणारं बी वेगळं मोजता येईल. रोज पाणी द्या. जे उगवेल त्याला टूथपिकवर तारीख लावून खूण करा, ओळख पटली की उपटा. एक महिन्यानंतर माती खालीवर करून पुन्हा पाणी द्या, आणखी उगवतील. परदेशी तणं उगवली तर फुलायच्या आधी नष्ट करा, उकिरड्यावर टाकू नका.

असल्या प्रयोगाला किती काळ लागू शकतो, याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगनचं आहे. विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८७९ मध्ये २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया ओलसर वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. त्या ठरावीक वर्षांनी एकेक करून काढल्या जातात. सोळावी बाटली २०२१ मध्ये निघाली, आणि १४२ वर्षांनंतरही व्हर्बॅस्कम या तिकडच्या रानटी झाडाच्या बिया उगवल्या. शेवटची बाटली २१०० मध्ये निघेल.

तुमच्या टाकळ्याच्या प्रयोगातही काही न उगवलेल्या टणक बिया उरतील. निकाल लावताना सगळ्या कापू नका, पाच-दहा राखा. नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पुरचुंडीत बांधा, पेन्सिलची चिठ्ठी आत टाका आणि गच्चीवरच्या उघड्या कुंडीत दोन बोटं खोल पुरा. मे महिन्याचं ऊन त्यांना पडू द्या, पाणी घालू नका. मृगाची पहिली चांगली सर झाली की चार दिवसांनी पुरचुंडी उघडा आणि मोजा.